आक्काच्या रक्तातली बुरशी

आक्का, मशीन सुरू झालं की तुला थंडी वाजायची. घरून येताना तू धडधाकट असायचीस. सास्तूरहून दाजींच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचीस, उमरग्याच्या हायवेवर ट्रकवाल्यांना शिव्या घालत उतरायचीस, डायलिसिसच्या खुर्चीत टेकता टेकता शेजारच्या बाईच्या ब्लाउजची बाही कुठं फसलीय ते सांगून मोकळी व्हायचीस. मग तुझ्या छातीवरच्या नळीला मशीनच्या नळ्या जोडायचे. रक्त बाहेर जाऊन आत यायला लागायचं. आणि थोड्या वेळानं तुझे दात वाजायला लागायचे. मे महिन्यात. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना. मी तुझ्या अंगावर तिथलं ब्लँकेट टाकायची, त्यावर माझी शाल टाकायची, वरून दोन्ही हातांनी दाबून धरायची. तरी खुर्ची हलायची.

"एसी लई केलाय ह्यांनी," तू म्हणायचीस.

एसी बंद होता, आक्का. तो बिघडलेला होता, सगळा उन्हाळा.

तुझं दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. भेटायला येणारे विचारतात, काय झालं होतं हो? मी म्हणते, किडनी. लोक मान हलवतात, त्यांना तेवढं पुरतं. पण तू किडनीनं गेली नाहीस. किडन्या गेल्यावरही तू दोन वर्षं शिलाईचं दुकान चालवलंस, पोरींना कटिंग शिकवलंस, भाचीच्या लग्नात पंगत वाढलीस. तू ज्यानं गेलीस त्याचं नाव सांगितलं तर लोकांना ते खोटं वाटतं. तुलाही वाटलं होतं.

आईची साखर आपल्या दोघींकडं आली. तुझ्याकडं आधी, माझ्याकडं मागून. तू ती कधी मनावर घेतली नाहीस. एवढा भूकंप अंगावरून गेला, त्यात नवं घर, नवा संसार सगळा ढिगाऱ्यात गेला, त्या बाईला साखरेची काय भीती वाटणार. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना कुणीतरी बायकांसाठी शिलाईचा वर्ग काढला आणि तू त्यात जाऊन बसलीस. सासूबाई म्हणाल्या होत्या, घरात माणसं गेलीत आणि ही कापडं कापायला चालली. तू गेलीसच. तेव्हापासून तुझे पाय मशीनवरनं खाली आले नाहीत. अख्ख्या सास्तुरात आणि आजूबाजूच्या वाड्या-गावांत नवरीचा ब्लाउज म्हटलं की तुझं नाव.

मग दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात तुला धाप लागली, तोंड सुजलं, आणि दाजी तुला तसंच जीपमध्ये घालून सोलापूरला घेऊन गेले. तिथं घाईघाईनं तुझ्या मानेत नळी घातली आणि डायलिसिस केलं. ती तात्पुरती होती. नंतर ती काढून छातीवरून कातडीखालनं दुसरी, जरा टिकाऊ नळी घातली. तिची दोन तोंडं ब्लाउजच्या गळ्यातून बाहेर डोकवायची. तू घरी आल्याबरोबर आपले सगळे ब्लाउज उसवून गळे बदललेस. उजवीकडं हूक लावलेला एक कप्पा केलास, त्यात ती तोंडं बसायची. सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी तो कप्पा पाहिला तेव्हा त्या हसल्या होत्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या होत्या, "मावशी, शिवलंय छान. पण ह्या नळीला घर करून देऊ नका. ही जितकी जास्त राहील तितका धोका. हाताचं ऑपरेशन करून घ्या."

हाताचं ऑपरेशन म्हणजे काय ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डाव्या हातातली एक शीर आणि एक धमनी जोडायची. मग ती शीर हळूहळू जाड होते, पिकते म्हणतात ते. ती तयार झाली की डायलिसिसच्या दिवशी तिच्यात सुया टोचायच्या आणि काम झालं की काढायच्या. अंगात कायमची नळी नको. तू सगळं ऐकून घेतलंस. बाहेर आल्यावर दाजींना म्हणालीस, "लगीनसराई होऊन जाऊ द्या."

लगीनसराई झाली. मग दिवाळी आली. मग परत लगीनसराई.

आपलं ते भांडण इथं उमरग्यात, माझ्या स्वयंपाकघरात व्हायचं. डायलिसिस उरकून तू माझ्याकडं जेवायला यायचीस, बिनमिठाची भाजी पाहून तोंड वाकडं करायचीस, आणि मी विषय काढायची.

"डाव्या हातानं कापड सरकवते म्या," तू म्हणायचीस. "उजवा नुसता चाकाला लागतो. डावा गेला की दुकान गेलं."

"हात जात नाही आक्का. जड उचलायचं नाही एवढंच."

"ती कोपऱ्यातल्या खुर्चीवरली बाई बघितलीस न्हवं? तिच्या हातावर कशा गाठी आल्यात. साप सुटल्यावानी."

"ती बाई त्याच हातावर किती वर्षं जगलीय ते विचार तिला."

"तू मास्तरीण हायेस," तू ताट सरकवायचीस. "तुला समदं फळ्यावर लिवल्यावानी दिसतं. माजं तसं न्हाय."

आणि तू भिंतीला टेकून डोळे मिटायचीस. डायलिसिसनंतर तुझ्यात भांडायची ताकद राहायची नाही, आणि दमलेल्या माणसाशी मला भांडता यायचं नाही. ते भांडण तसंच पडून आहे, आक्का. माझ्याकडं अजून बोलायचं बरंच शिल्लक आहे, आणि भिंतीशी कुणी बसलेलं नाही.

मंगळवारच्या अंघोळीवरनं वेगळं भांडण. नळीवरची पट्टी कोरडी राहिली पाहिजे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं त्यांनी शंभरदा बजावलं होतं. पण मंगळवार येडेश्वरीचा. माहेरच्या देवीचा वार डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर जातो कसा, हे तुला कळायचं नाही. तू छातीवर प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीनं लावायचीस आणि घ्यायचीस दोन तांबे. पट्टीची कड ओली व्हायची. उन्हाळ्यात खाली खाज सुटायची, तेव्हा तू ती कड उचलून फुंकर मारायचीस. मी पाहिलंय. "फुंकर हाय नुसती," तू म्हणायचीस, "हात कुटं लावला?"

पहिला ताप आला तेव्हा आपण इतके घाबरलो नाही. नळीत जंतू गेले म्हणाले. डायलिसिसच्या वेळी अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला. तू दुसऱ्याच दिवशी शिलाईच्या मशीनवर. मग दिवाळीच्या आसपास परत ताप, परत औषध, जास्त ताकदीचं. परत उतरला. मध्येच कात्री पडून पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेमुळं ती भरेना, म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चालूच राहिल्या. कधी कणकण वाटली की दाजी तुला गावातल्या डॉक्टरकडं न्यायचे, तो एक सुई मारायचा आणि तू संध्याकाळी चहा पीत बसायचीस. प्रत्येक औषध लागू पडलं. आता मला त्याचीच धास्ती वाटते. प्रत्येक वेळी आपण सुटलो असं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी तुझ्या आत कसली तरी जागा मोकळी होत होती.

मग तुझी जीभ पांढरी झाली. सायीसारखा थर आला. तू तो बोटाला फडकं गुंडाळून खरवडून काढलास, खालून लाल मांस दिसलं. दुसऱ्या दिवशी परत पांढरी. "तोंडाला चव न्हाय," तू म्हणालीस, "लाकूड चावल्यावानी लागतंय." आपण मध लावला. कुणी सांगितलं तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करा, त्या केल्या. ती जीभ आपल्याला काय सांगत होती, आक्का, ते आपल्यापैकी कुणाला कळलं नाही. मग ती थंडी सुरू झाली.

या खेपेला ताप उतरेना. डायलिसिसच्या दिवशी थंडी, घरी आल्यावर ताप, मग घाम, मग मधला दिवस बरा. अँटिबायोटिक बदललं. तरी तेच. उमरग्याच्या टेक्निशियननं रक्ताच्या बाटल्या भरून कल्चरला लावल्या आणि तुला सोलापूरला पाठवलं. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा आपण वॉर्डात आलेलोच होतो. त्या स्वतः जिन्यानं वर आल्या. डॉक्टर जिना चढून जो रिपोर्ट सांगायला येतात, त्या रिपोर्टात काही चांगलं नसतं. मी उभी राहिले.

"मावशी, रक्तात बुरशी सापडलीय," त्या म्हणाल्या.

तू त्यांच्याकडं बघत राहिलीस. मग माझ्याकडं बघितलंस.

"बुरशी? शिळ्या भाकरीला येती ती?"

"त्याच जातीची. वेगळी."

"माज्या रगतात?"

"हो."

"भाकर टाकून देता येती," तू म्हणालीस. "रगताचं काय करणार?"

त्यांनी बसून सांगितलं. ही बुरशी बाहेरून कुठून आलेली नसते. ती आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असते, तोंडात असते, आतड्यात असते. गप्प असते, कारण तिच्या आजूबाजूला असलेले जंतू तिला वाढू देत नाहीत. औषधांनी ते जंतू मेले की तिला रान मोकळं. साखर असली की तिला खायला आयतं. अंगाची ताकद किडनीच्या दुखण्यानं आधीच कमी झालेली. आणि वर नळी. नळी कातडीतून थेट मोठ्या रक्तवाहिनीत गेलेली, तिच्यावरनं ही सरकत आत जाते, आणि नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर करून बसते. त्या थरात औषध शिरत नाही. मशीन सुरू झालं की नळीतून रक्त जोरात वाहतं आणि ती बुरशी सगळ्या अंगात शिंपडली जाते.

म्हणून थंडी. मी शाल दाबून धरत होते तेव्हा ती आत शिंपडली जात होती.

"आणि ज्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, ज्याला शिरेतनंच अन्न चाललंय, जो आयसीयूत लई दिवस पडलाय, त्यांनाही हे होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत नळी, साखर आणि औषधं. नळी आज काढायची."

नळी काढली. मधले काही दिवस तुला नळीविना ठेवलं, जितकं रक्त स्वच्छ होईल तितकं होऊ द्यावं म्हणून. रोज सलाईनमधून बुरशीचं औषध जायचं. ते दिवस मला फार जपून ठेवावेसे वाटतात. पाणी मोजून प्यायचं होतं, पाय सुजत होते, पण छाती मोकळी होती. तू सारखा तिथं हात फिरवत होतीस. ताप खाली आला होता. त्यात एक मंगळवार आला आणि सिस्टरनं परवानगी दिली. मी पलंगाच्या कडेला प्लास्टिकचं घमेलं ठेवलं, तुझं डोकं त्यावर धरलं आणि केस धुतले. तुझे केस किती विरळ झाले होते. माहेरी येरमाळ्याला माझे केस तू धुवायचीस, आठवतं? चैत्रातल्या यात्रेच्या आधी, देवीच्या देवळासाठी चुनखडी वेचायला जायच्या सकाळी, विहिरीवर बसवून शिकेकाईनं खसाखसा. मी रडायची. तू म्हणायचीस, देवीला उवा आवडत न्हाईत. मग गर्दीत मी हरवू नये म्हणून तू मला कडेवर घ्यायचीस, आणि मी खांद्यावरून सगळी यात्रा पाहायची. तुझं वय तेव्हा कडेवर घेण्याचं होतं का? तू मला उचललंस, त्या वयात तुलाच कुणीतरी उचलायला हवं होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. घमेल्यातलं पाणी कोमट होतं आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "आता बरं वाटतंय बग." मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला.

डायलिसिसविना फार दिवस काढता येत नाहीत. मग जांघेत दुसरी नळी घातली. जांघेतली नळी आणखी वाईट, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, पण मानेच्या शिरा सगळ्या आकसल्या होत्या. दुसरीकडून जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात तू माझ्या ब्लाउजचं तुटलेलं हूक पाहिलंस. दवाखान्यात तीन दिवस तोच घालून होते मी. तू पिशवीतून सुईदोरा काढायला लावलास. दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलंस आणि सुईत घालायला लागलीस. एकदा. परत. दोरा सुईच्या बाजूनं जात होता. तू सुई उजेडाकडं धरलीस.

"ह्या सुईला भोक न्हाय," तू म्हणालीस.

मी सुई हातात घेतली. भोक होतं.

"आक्का, एक डोळा झाक बरं."

तू उजवा झाकलास आणि परत सुईकडं बघितलंस. मग म्हणालीस, "समोर कुणी दूध सांडल्यावानी दिसतंय."

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. बुरशी डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत गेली होती, कापसाचे पुंजके असावेत तशी. त्यांनी हे मला बाहेर सांगितलं. मी आत येऊन तुला सांगितलं, कारण तू दाराकडं बघत बसली होतीस आणि तुझ्यापासून काही लपवायची माझी छाती कधीच नव्हती. मग हृदयाचा फोटो काढला. तिथंही झडपेवर तिचा गोळा बसला होता, प्रत्येक ठोक्याबरोबर हलत. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले.

त्या दुपारी तू विचारलंस. दाजी खाली चहाला गेले होते.

"सुमे, खरं सांग. हात केला असता तर?"

"तर कदाचित हे झालं नसतं," मी म्हणाले. "कदाचित झालंही असतं. साखर होतीच. औषधं होतीच."

"तुज्या कदाचितला घिऊन काय करू, चाटू?"

आणि तू हसलीस. मलाही हसू आलं, आणि त्यामागून रडू. तू माझं मनगट धरलंस. तुझ्या बोटांना सुयांचे घट्टे होते, ते लागले.

"पर दोन वर्सं मशीन चाललं का न्हाय?" तू म्हणालीस. "सात पोरी शिकवल्या त्यात. एकीनं लोहाऱ्यात दुकान टाकलं. ते हात बांधून बसले असते तर झालं असतं व्हय?"

ऑपरेशननंतर हात बांधून बसायला लागत नाही. काही आठवडे जपायचं, मग शिलाई करता येते. हे मी तुला त्या दोन वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं. तेव्हा मी सांगितलं नाही. तू तुझ्या मरणाचा काहीतरी अर्थ लावला होतास आणि त्यात मला खाडाखोड करायची नव्हती. मला तुझा राग आला होता, आक्का. तुझ्यासारखी माणसं ज्या हिमतीनं ढिगाऱ्यातून उठतात, त्याच हिमतीनं साध्या गोष्टीला नाही म्हणतात. तो राग अजून आहे. आणि तुझ्या त्या पोरींपैकी चौघी तुझ्या मयताला आल्या होत्या, चौघींच्या अंगावर स्वतः शिवलेले ब्लाउज होते, गळे असे नेटके की तू असतीस तर हात लावून बघितला असतास. तेव्हा मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

शेवटी डायलिसिस लावता येईना. मशीनला जोडलं की बीपी कोसळायचं. तू झोपेत बोलायला लागलीस. आईला हाक मारायचीस, मला आई म्हणायचीस, मग एकदम दुकानात असल्यासारखी रागवायचीस. "बाही उलटी लागलीय," तू म्हणालीस, "उसव. पुन्ना लाव." दाजी पायाशी बसून तळवे चोळत होते. सकाळचं ऊन खिडकीतून तुझ्या चादरीपर्यंत आलं होतं. तू तोंड उघडून श्वास घेतलास, जीभ अजून पांढरीच होती, आणि पुढचा श्वास आला नाही.

दाजी तेव्हा रडले नाहीत. दहाव्याला नदीवरून परत येताना त्यांनी मोटारसायकल थांबवली. मी मागं होते, तू बसायचीस तशी. ते वळून न बघता म्हणाले, "सुमन, माज्याकडनं काय ऱ्हायलं का गं?"

"नाही दाजी."

"गावातल्या डॉक्टरकडं नेत होतो म्या. दर टायमाला. त्या सुया..."

"तुम्ही ताप उतरावा म्हणून नेत होतात."

त्यांनी बाहीनं आरसा पुसला. मग किक मारली.

आता मला तुला एक सांगायचंय, जे अजून मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच डॉक्टरबाईंकडं गेले, एकटी. माझे रिपोर्ट नेले होते. लघवीतून प्रथिनं जायला लागलीयत. किडनी थकायला लागलीय. आईचं जे तुझ्याकडं आलं, ते माझ्या दारातही येऊन उभं आहे. त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे, साखर आणि बीपी सांभाळलं तर कदाचित वेळ येणारही नाही. त्यांनीही कदाचित म्हटलं. मी तुझ्यासारखं काही बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "एक मात्र आजपासून पाळा. डाव्या हातावर सुई घेऊ नका. सलाईन नको, रक्त तपासायलाही नको. पुढं हात करायची वेळ आली तर त्या शिरा चांगल्या राहायला हव्यात."

काल उमरग्यातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेले. तिथली मुलगी नवी होती. तिनं पट्टा घेतला आणि माझा डावा हात पुढं ओढला. मी मागं घेतला.

"उजव्यातून घे."

तिनं उजवा हात दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. "मॅडम, ह्यात शीर घावंना. डाव्यात किती छान दिसतीय बघा."

"म्हणूनच," मी म्हणाले.

तिनं उजव्यात पुन्हा पुन्हा टोचलं, आक्का. मी डावा हात पदराखाली घेऊन बसले.